‘जोडलेले आहे’ म्हणजे काय?

(खेरडी येथे झालेल्या शिक्षक-लेखक मेळाव्यातील भाषणाचा लिखित पाठ)



अकादमीचं पत्र हाती आलं तेव्हा पत्ता चुकला असावा असं वाटलं. मी कवी नाही, कथाकार नाही, भाषेचा अभ्यासकही नाही. संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणं आणि बिघडलेले दुरुस्त करणं, हा माझा व्यवसाय. फोन करून तसं सांगितलं, तर पलीकडून विचारलं, “पण तुम्ही मराठीत लिहिता ना?” लिहितो खरा. माझं समग्र वाङ्मय असं: ‘कृपया थांबा’, ‘पासवर्ड चुकला आहे’, ‘इंटरनेट जोडलेले आहे’. यातलं तिसरं वाक्य मी २०१३ साली लिहिलं. याच खेरडीतल्या दोन खोल्यांच्या एका संगणक केंद्रात ते चार पडद्यांवर हिरव्या अक्षरांत दिवसभर दिसत असे. आणि पुष्कळ वेळा ते खोटं असे. आज त्या एका वाक्याबद्दल बोलणार आहे. ज्या गावात ते खोटं ठरलं तिथेच उभं राहून बोलायला मिळतंय, हे एका परीनं बरंच झालं.

त्या केंद्रात मुलं टायपिंग शिकत आणि दुपारनंतर आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं अर्ज भरायला येत. टेलिफोनची तार तिथवर आलेली नव्हती, म्हणून नेट होतं ते डोंगलवर. बोटाएवढं ते यंत्र, आत सिमकार्ड, संगणकाच्या यूएसबीच्या खाचेत बसवायचं. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंची मागणी साधी होती. “सर, नेट आहे की नाही ते आधीच कळू दे. माणूस अर्धा तास अर्ज भरतो आणि शेवटी गोल गोल चक्र फिरत बसतं.” काम दोन दिवसांचं वाटलं. प्रोग्रॅमनं डोंगल शोधायचं, नेट आहे का पाहायचं, असल्यास हिरवं वाक्य, नसल्यास लाल वाक्य. त्या दोन दिवसांच्या कामाची पुढे दोन वर्षं झाली.

आधी ‘मॉडेम’ या शब्दाबद्दल थोडं सांगतो, कारण डोंगल म्हणजे अखेर मॉडेमच. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची टोकं जोडून तो झाला. संगणकाला शून्य आणि एक एवढंच कळतं, टेलिफोनच्या तारेला आवाज कळतो. मधे एक दुभाषा लागतो. जाताना आकड्यांचा आवाज करायचा, येताना आवाजाचे आकडे करायचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं आपल्या देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ज्यांच्या घरी ते आलं त्यांना तो आवाज आठवत असेल. आधी नंबर फिरल्याची टकटक, मग शिट्टी, मग खरखर. दोन मॉडेम एकमेकांना ‘तू किती वेगानं बोलतोस’ असं विचारत असत, आणि ते आपल्या कानावर येई. त्या काळात नेट लागलं की नाही हे तपासायला प्रोग्रॅमची गरज नव्हती. खरखर थांबली की घरातली आजीसुद्धा सांगायची, “लागलं बघ.” पुढे मॉडेम मुके झाले आणि मग हा प्रश्न उभा राहिला.

मॉडेमशी बोलायची एक भाषा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीनं एक मॉडेम बाजारात आणला. त्याला अक्षरांत आज्ञा देता येत, आणि प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही दोन अक्षरं लागत. अटेन्शन या शब्दाची ती पहिली दोन अक्षरं, म्हणजे ‘लक्ष दे’. नुसतं ‘एटी’ पाठवलं, तर मॉडेम जागा असल्यास ‘ओके’ म्हणतो. आपण दारात उभं राहून “आहे का कोणी घरात?” म्हणतो आणि आतून “हां” येतं, तसंच हे. गंमत अशी की यंत्रं पार बदलली, तार गेली, हवेतून बोलणं आलं, तरी माझ्या डोंगलला हीच हाक कळत होती. बत्तीस वर्षांचं व्याकरण शाबूत होतं. आपल्या कार्यालयीन मराठीला तेवढं आयुष्य लाभेल का, कोण जाणे.

तर पहिली पायरी म्हणजे हाक मारायची. पण हाक कोणत्या दारात मारायची? डोंगल लावलं की संगणकाला आधी त्याचे दोन क्रमांक कळतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा वस्तूचा. त्यावरून ओळख पटायला हवी. पण हे डोंगल बहुरूपी असतं. त्याच्या पोटात विंडोजसाठीचे प्रोग्रॅम भरलेले असतात. ते आपोआप सुरू व्हावेत म्हणून लावल्याबरोबर ते स्वतःची ओळख ‘मी सीडी आहे’ अशी करून देतं. केंद्रातले संगणक लिनक्सवर चालत. तिथे त्याला ठरावीक संदेश पाठवून सीडीचं सोंग उतरवायला लावावं लागतं. मग ते पुन्हा नव्यानं नाव सांगतं, या वेळी मॉडेम म्हणून, आणि एक सोडून तीन-चार दारं उघडतं. त्यांतल्या एखाद-दुसऱ्याच दारातून ‘एटी’ला उत्तर येतं. मी पहिल्याच दाराचा क्रमांक प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून टाकला होता. वीज गेली-आली किंवा कुणी डोंगल काढून लगेच पुन्हा लावलं की दारांचे क्रमांक बदलत. मग डोंगल समोर निळा दिवा लुकलुकवत बसलेलं आणि माझा प्रोग्रॅम म्हणतोय, ‘मॉडेम सापडला नाही’. ताई फोनवर म्हणायच्या, “सर, मला दिसतंय, तुमच्या कॉम्प्युटरला दिसत नाही.” उपाय सोपा होता. जेवढी दारं असतील तेवढ्यांवर टकटक करायची आणि जिथून ‘ओके’ येईल ते धरायचं. मला तो सुचायला महिना लागला, कारण माझ्या टेबलावर वीज जात नव्हती.

दुसरी पायरी टॉवरची. इथे खेरडीनं मला चांगलाच धडा शिकवला. मॉडेमला विचारता येतं, ‘तुझी नोंदणी कुठे झाली आहे का?’ उत्तर आकड्यात येतं. शून्य म्हणजे नोंदणी नाही आणि शोधही चालू नाही. एक म्हणजे स्वतःच्या जाळ्यात नोंद झाली. दोन म्हणजे शोधतोय, तीन म्हणजे नाकारलं. चार म्हणजे सांगता येत नाही. मी लिहिलं, उत्तर एक आलं तर टॉवर आहे, बाकी काहीही आलं तर नाही. प्रोग्रॅम सिल्वासात तपासला, उत्तम चालला. खेरडीत मात्र सकाळी हिरवं वाक्य, दुपारी लाल, संध्याकाळी पुन्हा हिरवं. आणि लाल वाक्य पडद्यावर असताना ताई बाजूच्या खिडकीत खुशाल पोस्टाचं संकेतस्थळ उघडून बसलेल्या!

तुम्ही इथले असल्यामुळे कारण तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. आपला प्रदेश टेलिफोनच्या कारभारात गुजरात सर्कलमध्ये मोडतो. पलीकडे तलासरीपासून महाराष्ट्र सर्कल. सिम गुजरातचं, पण मॉडेमला सीमा दिसत नाही. जो टॉवर स्पष्ट ऐकू येईल त्याला तो धरतो, आणि कधी तो महाराष्ट्रातला असतो. अशा वेळी मॉडेमचं उत्तर एक नसतं, पाच असतं. पाच म्हणजे नोंदणी झाली, पण परक्या घरी, ज्याला आपण रोमिंग म्हणतो. माझ्या यादीत पाच नव्हतंच. पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. पण पाच हे उत्तर परदेशी जाणाऱ्यांसाठी असावं, असा माझा समज. खेरडीत बसल्या जागी माणूस दिवसातून दोनदा परगावी जाऊन येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे खरं तर रोज सांगत होते. ताई म्हणायच्या, “आता महाराष्ट्राचा टॉवर लागलाय.” मी ते गप्पा म्हणून ऐकत होतो. पाच क्रमांकाच्या उत्तराचं ते अचूक भाषांतर होतं.

इथे जरा आडवाटेनं जातो. या भूमीचा आणि जोडणीचा संबंध जुना आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच सुमारास भारतानं दमणहून इकडे येणारी पोर्तुगीजांची वाट अडवली होती. पोर्तुगाल ते भांडण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेलं. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. त्याचा मथितार्थ असा की खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, पोलीस आणि शस्त्रं यांच्यासाठी नव्हता. आणि वाट अडवण्यात भारतानं कायदा मोडला नाही. ‘वाट आहे का?’ या प्रश्नाला ‘कुणासाठी?’ हा पोटप्रश्न असतोच. नेटचं नेमकं असंच आहे. संगणक क्षेत्रात ‘पिंग’ नावाची एक जुनी युक्ती आहे. पाणबुडी शोधताना सोनारचा ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमला हे नाव मिळालं. दूरच्या संगणकाला हाळी द्यायची आणि ‘ओ’ येते का पाहायचं. पुष्कळ जण नेट तपासायला एवढंच करतात. पण अनेक कार्यालयांच्या वेशीवर पिंगला अडवतात आणि संकेतस्थळांची पानं सोडतात. काही ठिकाणी उलटं असतं, पिंग जातं आणि पान येत नाही. अर्ज पाठवायचा असेल तर अर्जाची वाट मोकळी आहे का ते पाहायला हवं. मी पाहत होतो ती दुसऱ्याच कुणाची वाट.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायला मला जड जातं.

टॉवर लागला म्हणजे नेट आलं, असं नव्हे. टॉवरशी नोंदणी बोलण्यासाठी वेगळी असते आणि डेटासाठी वेगळी. ती झाली की संगणकाला एक पत्ता मिळावा लागतो. मग नावांवरून पत्ते शोधून देणारी यंत्रणा चालू असावी लागते. आपण संकेतस्थळाचं नाव लिहितो, पण पत्र नावावर जात नाही, क्रमांकावर जातं. एवढं सगळं जमलं की शेवटी एक पान मागवून बघायचं. माझा प्रोग्रॅम इथपर्यंत पोहोचला होता. पान मागवायचा, उत्तर ‘दोनशे’ या क्रमांकाचं आलं की सगळं ठीक, असं धरायचा. दोनशे म्हणजे ‘घ्या, तुम्ही मागितलेलं पान’. मग हिरव्या अक्षरांत ‘इंटरनेट जोडलेले आहे’.

२०१४ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. मुली अर्ज केंद्रात भरत, माझा प्रोग्रॅम ते गोळा करून संस्थेच्या संगणकाकडे पाठवे आणि नावापुढे ‘पाठवला’ असं लिही. शेवटच्या दिवशी अकरा मुली आल्या. काही जणी तास-दीड तास चालत. संध्याकाळी अकराही नावांपुढे ‘पाठवला’ लिहिलेलं होतं. ताईंनी पडदा प्रत्येकीला दाखवला, मुली घरी गेल्या.

डोंगलचा रिचार्ज त्या दुपारी संपला होता. रिचार्ज संपला की नेट बंद पडतं, असं आपण म्हणतो. तसं होत नाही. तेव्हा कोणतंही पान मागितलं की कंपनी मधेच अडवून स्वतःचं पान देत असे: ‘आपला प्लॅन संपला आहे, इथे पैसे भरा’. आणि हे पान येई दोनशे क्रमांकानंच. ‘घ्या, तुम्ही मागितलेलं पान.’ माझ्या प्रोग्रॅमनं पान वाचलं नाही, फक्त क्रमांक पाहिला. अर्ज पाठवल्यावरही उत्तर दोनशेच आलं, कारण अर्जालाही त्या रिचार्जच्या पानानंच उत्तर दिलं होतं. अकराच्या अकरा अर्ज त्या भिंतीवर आपटून तिथेच संपले. आणि पडद्यावर हिरवं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तेव्हा मुदत संपली होती. चूक माझी होती, ते मी संस्थेला जाऊन सांगितलं. त्यांनी समजून घेतलं. चार दिवसांत कागदावर भरलेले आणि पालकांची सही असलेले अर्ज आणा, घेतो, म्हणाले. आम्ही नऊ नेले. उरलेल्या दोघींची घरची माणसं वीटभट्टीच्या कामाला बाहेर गेली होती, सही मिळाली नाही. त्या दोघींना त्या वर्षी शिष्यवृत्ती नव्हती. त्यांतली एक नंतर केंद्रात भेटली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, “सर, कॉम्प्युटरनं तर हिरवं दाखवलं होतं.” या वाक्याला मी आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही.

मी प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसलो आणि प्रथम पडद्यावरच्या वाक्यांनाच हात घातला. तसं ठरवलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून ते हिरवं वाक्य आधी पुसलं, आणि त्याच्या जागी काय लिहायचं ते सुचेना. ‘इंटरनेट जोडलेले आहे’ या वाक्यात कर्ता कोण? कुणी जोडलं? कशाला? ‘जोडलेले’ हे रूप असं आहे की कुणी काय तपासलं, याचा पत्ताच लागत नाही. खरं सांगायचं तर प्रोग्रॅमला माहीत होतं ते एवढंच: ‘एक पान मागितलं, काहीतरी आलं’. हे वाक्य मी कागदावर लिहिलं, आणि ‘काहीतरी’ या शब्दापाशी अडलो. काय आलं ते बघायला नको का? तिथे मला चूक सापडली. नाहीतर कदाचित सापडली नसती, कारण प्रोग्रॅमच्या ओळी वाचताना त्या बरोबरच दिसत होत्या. नेमकं मराठी वाक्य लिहायला गेल्यावर कळलं की प्रोग्रॅमला जे माहीत नाही ते मी त्याच्या तोंडी घालत होतो.

मोठ्या कंपन्यांनी हा प्रश्न कसा सोडवलाय, ते मग शोधलं. विंडोज एका ठरलेल्या पत्त्यावरची इवलीशी फाईल मागवतं. तिच्यातले शब्द अपेक्षेप्रमाणे, जसेच्या तसे आले तरच नेट आहे असं मानतं. अँड्रॉइडची रीत मला अधिक आवडली. ते एक पत्ता असा मागतं की जिथून काहीच यायला नको. उत्तराचा क्रमांक दोनशे चार, अर्थ ‘देण्यासारखं काही नाही’. ठरलेली शांतता आली तर वाट मोकळी. एक अक्षर जरी जास्त आलं तरी समजायचं की मधे कुणीतरी उभा आहे आणि तो बोलतोय. शांततेवरून खरं-खोटं ओळखायची ही युक्ती मला एखाद्या लोककथेतल्या हुशार सुनेची वाटते. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये तीच घेतली.

आणि वाक्यं? त्यासाठी मी आठवडाभर केंद्रात एका कोपऱ्यात बसून माणसं काय बोलतात ते लिहून घेतलं. इथे घरी वारली, बाजारात गुजराती, शाळेत मराठी आणि कारखान्यात हिंदी अशी वाटणी असते, आणि नेटबद्दल बोलताना या चारही एकत्र येतात. मला वाटत होतं की शब्दांची उणीव असेल. तसं काही नव्हतं. डोंगल ‘पकडत नाही’, टॉवर ‘लागतो’ आणि ‘जातो’, रेंज ‘येते’, नेट ‘चालतं’, पान ‘उघडतं’ किंवा ‘फिरत बसतं’, फॉर्म ‘जातो’, ‘अडकतो’, ‘पोहोचतो’. एकेका पायरीला एकेक क्रियापद होतं, आणि माणसं ती चुकूनही अदलाबदल करत नव्हती. ‘टॉवर चालत नाही’ असं कुणी म्हणालं नाही, ‘नेट लागत नाही’ म्हणणारा माणूस नेमका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या अडचणीबद्दल बोलत असे. हे सगळं मी ‘जोडलेले आहे’ या एका खुंटीला टांगलं होतं.

परिभाषा करणाऱ्यांवर टीका करायला मी इथे आलेलो नाही. संगणक, संकेतस्थळ हे शब्द मी रोज वापरतो आणि ज्यांनी ते रुजवले त्यांचा ऋणी आहे. पण परिभाषेत भर नामांवर असतो असं मला दिसतं. मॉडेमला काय म्हणायचं, इंटरनेटला आंतरजाल म्हणायचं की महाजाल, यावर लेख होतात. केंद्रात आलेल्या बाईला मॉडेमचा प्रतिशब्द नको असतो. मॉडेमचं काय झालंय ते तिला हवं असतं, आणि ते क्रियापद सांगतं. शिक्षक मित्रांनी वर्गात कधी हा प्रयोग करून पाहावा. फोनवर येणारी सूचना मुलांना वाचायला द्यावी आणि विचारावं, ‘हे कुणाला कळलं, कसं कळलं?’ कर्मणी प्रयोग शिकवायला याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

नवी वाक्यं अशी झाली. डोंगल दिसलं नाही तर ‘डोंगल सापडत नाही, काढून पुन्हा लावा’. दिसलं पण सिम वाचता आलं नाही तर तसं. दोन आलं तर ‘टॉवर शोधतोय’. पाच आलं तर ‘शेजारच्या सर्कलचा टॉवर लागला आहे, नेट चालेल’. चालेल असं म्हणायला डोंगलमध्ये रोमिंगचा डेटा चालू करून ठेवावा लागतो, तोही केला. मधे भिंत असेल तर ‘नेट मागितलं की दुसरंच पान येतंय, रिचार्ज पाहा’, आणि ते पान दाखवायचं. हिरवा रंग काढून टाकला. लाल होता तोही काढला. ताईंनी विचारलं, रंग कुठे गेले? म्हटलं, रंग दिसला की माणूस वाचत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘पाठवला’ या शब्दावर. पाठवणं ही माझ्या हातातली क्रिया आहे. पत्र पेटीत टाकलं की ‘पाठवलं’ म्हणायला मी मोकळा. पण मुलीला हवं असतं ते ‘पोहोचला’, आणि ते मी ठरवू शकत नाही, पलीकडच्यानंच सांगायला हवं. आपल्याकडे त्याला पोचपावती म्हणतात. टपाल खात्याच्या रजिस्टर पत्राला जोडलेलं ते कार्ड घरोघरी माहीत होतं. मी संस्थेला विनंती केली की तुमच्या संगणकानं अर्ज मिळाल्यावर एक क्रमांक परत पाठवावा. त्यांनी केलं. तेव्हापासून माझा प्रोग्रॅम ‘अर्ज निघाला, पोच आलेली नाही’ एवढंच म्हणतो, आणि क्रमांक हातात पडला तरच ‘पोहोचला’ हा शब्द वापरतो. क्रमांक आला नाही तर अर्ज जपून ठेवतो आणि नेट आलं की पुन्हा पाठवतो. ताईंनी एक वही घातली, तिच्यात मुलीचं नाव आणि पोचेचा क्रमांक. सही मुलीची.

हे जुन्या काळातलं झालं, आता तर फायबर आलं, असं कुणी म्हणेल. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. भिंतीवरच्या डब्यात दिवे लुकलुकताना दिसतात. पण पायऱ्या त्याच आहेत, फक्त वायफायच्या आड गेल्या. फोनवर वायफायचा पंखा पूर्ण भरलेला दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की फोन आणि भिंतीवरचा डबा यांचं बरं चाललंय. डब्यापुढे काय आहे, ते पंखा सांगत नाही. राउटरकडून पत्ताच मिळाला नाही तर काही संगणक स्वतःच एक पत्ता घेऊन बसतात, १६९.२५४ नं सुरू होणारा. घरमालक दार उघडेना म्हणून ओसरीवर पथारी टाकावी, तसं. ब्राउझरलाही ‘तू ऑनलाइन आहेस का?’ असं विचारायची सोय आहे. तो नाही म्हणाला तर खुशाल विश्वास ठेवावा. हो म्हणाला तर ठेवू नये; कुठल्यातरी जाळ्याशी गाठ आहे एवढाच त्याचा अर्थ. हे नवे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींनाही मी सांगत असतो. ती मान हलवतात आणि हिरवा दिवा लावतात. मीही तेच केलं होतं.

तुमच्या फोनवर पैसे पाठवताना कधी ‘व्यवहार प्रलंबित आहे’ असं येतं. दुकानदार म्हणतो आले नाहीत, आपल्या खात्यातून गेलेत. त्या क्षणी ‘प्रलंबित’ या शब्दाकडे दोन माणसं किती आशेनं बघत असतात! तो शब्द कुणीतरी माझ्यासारख्यानं, बहुधा घाईत, लिहिलेला असतो.

नव्या वाक्यांचा प्रोग्रॅम बसवून आल्यावर तीन आठवडे ताईंचा फोन आला नाही. काळजी वाटून मीच गेलो. विचारलं, नेट कसं आहे? म्हणाल्या, “मधे दोन दिवस गेलं होतं. रिचार्ज पाहा म्हणाला, म्हणून पोराला दुकानात पाठवलं.” एवढं बोलून त्या अर्ज घ्यायला वळल्या.

एक वाक्य मात्र अजून राहिलंय. मॉडेमचं उत्तर तीन, म्हणजे टॉवर समोर आहे, ऐकूही येतोय, पण या सिमला आत घेत नाही. सध्या मी ‘टॉवर हे सिम घेत नाही’ असं लिहिलंय. ताईंना ते पसंत नाही, त्या म्हणतात यानं लोक सिम बदलायला पळतात, आणि खरं कारण कधी कधी वेगळंच असतं. त्यांना काय लिहावं ते विचारलं, तर त्यांनाही सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं, तर चहाच्या वेळी मला सांगा. मी वही आणली आहे.